देहाची अखेरची व्यवस्था

मनुष्य मेल्यानंतर त्याच्या देहाचे काय करावे हा प्रश्न ज्याला सोडवावा लागला नाही असा समाज पृथ्वीच्या पाठीवर झालेला नाही. आणि तरीही मृत्यू प्रत्यक्ष दाराशी येऊन उभा राहीपर्यंत या प्रश्नाचा विचार टाळावा, हाही जवळजवळ सर्व समाजांचा रिवाज आहे. परिणाम असा होतो की, ज्या निर्णयाला पुरता विवेक आणि थोडी तरी सवड हवी तो निर्णय घरात आकांत चालू असताना, आळीतला कोणी माहितगार गृहस्थ सांगेल त्या रीतीने, घटका-दोन घटकांत उरकला जातो, आणि ज्याच्या देहाविषयी तो घेतला जातो त्याचे मत विचारण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दहन आणि दफन या दोन रूढ मार्गांखेरीज, किंवा त्यांतच महत्त्वाचे फेरफार करून, पुष्कळ नव्या तजविजी जगात पुढे आल्या आहेत. त्यांपैकी कोणत्या खऱ्या उपयोगाच्या, कोणत्या केवळ नवलाईच्या, आणि महाराष्ट्रातील माणसाने त्यांतून काय घ्यावे, याचा विचार शांतपणे व्हावा म्हणून हा आढावा.

आपल्याकडील सामान्य समजूत अशी की, हिंदूंचे दहन आणि मुसलमान-ख्रिस्त्यांचे दफन या रीती अनादिकालापासून जशाच्या तशा चालत आल्या असून त्यांत फेरफार करणे म्हणजे धर्माच्या मुळावर घाव घालणे होय. इतिहासाच्या दप्तरात या समजुतीला आधार सापडत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी जे उत्खनन केले त्यातून असे दिसले की, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी आपल्या मृतांना राहत्या घराच्या भुईखालीच पुरत असत. लहान मुलांचे देह दोन रांजणांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत ठेवीत, आणि प्रौढांचे देह पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये, अशा मायेने हे केले की त्याने उठून हिंडू नये अशा भयाने, हे आज कोण सांगणार! नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरी येथील शिलावर्तुळे हीसुद्धा मृतांसाठीच रचलेली आहेत. खुद्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अग्नीने दग्ध झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पितरांचा उल्लेख येतो. पुढे दहन ही सार्वत्रिक रीत ठरल्यावरही संन्याशाला आणि दात न आलेल्या अर्भकाला अग्नी देऊ नये, असा अपवाद धर्मशास्त्राने ठेवलाच. लिंगायत समाज आपल्या मृतांना आजही बैठ्या स्थितीत भूमीच्या स्वाधीन करतो, आणि कित्येक आदिवासी व भटक्या जमातींत पुरण्याचीच चाल आहे. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे मस्तक ठेवणाऱ्या वारकऱ्याला त्या समाधीत काही धर्मबाह्य घडले असे कधी वाटलेले नाही.

खरी गोष्ट अशी आहे की, प्रत्येक रीत ही त्या त्या भूमीने माणसापुढे ठेवलेल्या साधनसामग्रीतून निघालेली तजवीज असते आणि धर्म तिला मागाहून अर्थ व प्रतिष्ठा देतो. तिबेटच्या पठारावर जमीन वर्षातले कित्येक महिने गोठलेली आणि झाड दुर्मीळ, म्हणून तेथे देह डोंगरमाथ्यावर नेऊन गिधाडांच्या स्वाधीन करण्याची रीत रुजली आणि बौद्ध धर्माने तिला भूतदयेचे अखेरचे दान मानले. गंगा-गोदेच्या खोऱ्यांत अरण्ये दाट होती तेव्हा काष्ठचिता सुलभ होती. सामग्री बदलली की तजवीज बदलावी लागते, आणि अर्थ नव्याने लावावा लागतो. इतके मान्य केले म्हणजे पुढील चर्चेतील अर्धा क्षोभ शमतो.

खुल्या चितेवर एका देहाच्या दहनाला सामान्यतः ३०० ते ४०० किलो लाकूड लागते, आणि सरपण ओले असेल तर त्याहूनही अधिक. कोकणातील ज्या वाड्यांच्या स्मशानात साधे छप्परही नाही तेथे आषाढ-श्रावणातील मृत्यू म्हणजे घरच्यांवर दुहेरी संकट असते. सरण पेटते ठेवण्यासाठी रॉकेल ओतावे लागते आणि पुरुषमाणसांना वर पत्रे धरून उभे राहावे लागते. एवढे लाकूड जळूनही त्यातील बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, हा खुल्या चितेचा मूळ दोष आहे. दिल्लीत १९९२ साली सुरू झालेल्या ‘मोक्षदा’ या उपक्रमाने नेमक्या याच दोषावर बोट ठेवले: लाकडे भुईवर न रचता उंच लोखंडी चौकटीवर रचावीत, खालून हवा खेळती राहावी आणि वर धुराडे असावे, म्हणजे तेच काम १५० किलोच्या आसपास लाकडात होते आणि मुखाग्नीपासून अस्थिसंचयापर्यंत एकही विधी सोडावा लागत नाही. नागपुरात शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या ठोकळ्यांवर दहन करण्याचा प्रघात पडत चालला आहे. परंतु या बाबतीत मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो कोल्हापूरविषयी. तेथे पंचगंगेच्या काठच्या स्मशानभूमीत महानगरपालिका दहनासाठी पैसा घेत नाही, आणि दहन मुख्यतः शेणींवर होते. होळीच्या दिवसांत तरुण मंडळे व तालमी शेणी जाळण्याऐवजी गोळा करून स्मशानभूमीला दान देतात. कोणा परदेशी तज्ज्ञाचा सल्ला न घेता, आपल्याच गोठ्यातील वस्तूने आणि आपल्याच सणाला नवे वळण देऊन एका शहराने हा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतर नगरपालिकांनी जाऊन पाहावी अशी आहे.

विद्युद्दाहिनी आता नवी राहिलेली नाही. विनायक दामोदर सावरकरांनी आपला देह यांत्रिक वाहनातून न्यावा आणि त्याचे दहन विद्युद्दाहिनीत करावे अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि १९६६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या चंदनवाडीत ती पाळली गेली. तरीही पुढे कित्येक वर्षे सामान्य माणूस दाहिनीकडे बेवारशांची सोय म्हणूनच पाहत राहिला. त्याचे कारण केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही. चितेभोवती फेरी घालावी, मडके फुटावे, ज्वाला वर चढलेली डोळ्यांनी पाहावी, तिसऱ्या दिवशी राख सावडावी, या क्रमात शोकाला एक मुदत मिळते. दाहिनीचे दार एका क्षणात बंद होते आणि मागे उभा असलेला मुलगा रिकाम्या हाताने परततो. जेथे दाहिनीजवळ विधींसाठी शांत जागा ठेवली आहे आणि रक्षा कलशात घालून अदबीने परत दिली जाते तेथे लोकांची नाखुशी ओसरलेली दिसते, म्हणजे दोष यंत्राचा नसून ते चालवणाऱ्यांच्या अनास्थेचा होता.

पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र दाहिनीची थोरवी जितकी सांगितली जाते तितकी नाही. विजेची दाहिनी स्मशानातला धूर कमी करते हे खरे; पण ती वीज चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळूनच यावयाची असेल, तर धूर एका गावचा दुसऱ्या गावी गेला इतकेच. वायूवर चालणाऱ्या दाहिनीतही प्रत्येक देहामागे सुमारे अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा इंग्लंडमधील हिशेब आहे. शिवाय दाहिनी सतत चालू राहिली तरच परवडते. दिवसाकाठी एखादाच देह येत असेल तर भट्टी पुन्हापुन्हा तापवण्यातच इंधन खर्ची पडते, म्हणून लहान गावांना ती देऊन उपयोग नाही. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात सुरतेत अखंड वापराने दाहिन्यांचे लोखंडी भाग वितळल्याच्या वार्ता आपण वाचल्या, त्यावरून यंत्रालाही सीमा असते हे दिसलेच आहे.

दफनाकडे वळल्यावर प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ज्याला पाश्चात्त्य लोक रूढ दफन म्हणतात, विशेषतः अमेरिकेत, ते म्हणजे देहात फॉर्मालिनसारखी द्रव्ये भरणे, रोगण दिलेल्या भारी लाकडाच्या किंवा धातूच्या पेटीत तो बंद करणे आणि ती पेटी काँक्रीटच्या कोठीत उतरवणे. म्हणजे माती होण्यासाठी पुरायचे आणि माती होऊ द्यायची नाही. या उफराट्या प्रकाराला कंटाळून इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९९३ साली नगरपालिकेच्या दफनभूमीतच ‘नैसर्गिक दफना’ची जागा राखण्यात आली: देहात रसायन नाही, पेटी असलीच तर वेताची किंवा पुठ्ठ्याची, वर संगमरवर नाही, केवळ एक झाड. आज ब्रिटनमध्ये अशा दोनशेंहून अधिक जागा आहेत. हे सारे वाचताना मराठी वाचकाला वाटावे की यात नवे ते काय! आपल्या मुसलमान बांधवांची शास्त्रोक्त कबर अशीच असते. शिवण नसलेल्या पांढऱ्या कफनात देह गुंडाळावा, पेटीशिवाय मातीशी भेट घडवावी आणि कबरीवर थाटमाट करू नये, हीच तेथील मूळ आज्ञा आहे. लिंगायतांचेही तसेच. वसईच्या ख्रिस्ती समाजातही शवपेटी टाळून देह कापडात गुंडाळून पुरण्याकडे काही कुटुंबे वळली आहेत, आणि त्यामागे जागेचे निकडीचे कारण आहे. मुंबईच्या आणि गोव्याच्या दफनभूमींत तीच कबर काही काळाने उघडून दुसऱ्याला द्यावी लागते, जुन्या अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवाव्या लागतात. रोगण दिलेली पेटी आणि कृत्रिम धाग्याचे कपडे यांमुळे देह मुदतीत विरघळला नाही तर पुढच्याची सोय अडते. मडगावसारख्या ठिकाणी मुसलमानांच्या कबरस्तानाच्या जागेचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला, हे आपल्या सार्वजनिक जीवनाला शोभणारे नाही.

हिंदू कुळात जन्मून, कोणत्याही रूढीचे बंधन नसता, केवळ विचाराने दफन पत्करणारा या काळातील सर्वांत मोठा मराठी माणूस म्हणजे बाबा आमटे. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार आनंदवनाच्याच भूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढे २०११ साली त्यांच्या पत्नी साधनाताईही त्याच भूमीत विसावल्या. ज्या ओसाड जमिनीतून कुष्ठरोग्यांच्या हातांनी त्यांनी पीक काढले होते त्या जमिनीचे देणे आपल्या देहाने फेडावे आणि त्यासाठी एकही झाड तुटू नये, हा विचार त्यांनी बोलून दाखवला व पाळला. या कृतीची जितकी चर्चा महाराष्ट्रात व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, असे मला वाटते. ज्यांच्याकडे स्वतःची शेती आहे अशा कुटुंबांना हा मार्ग सहज मोकळा व्हावा. दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळ घरी आता रक्षा नदीत न टाकता शेतात विसर्जित करून तेथे झाड लावतात, ते याच वाटेवरचे अलीकडचे पाऊल आहे.

पारशी समाजाची कथा या आढाव्यात थोडी थांबून सांगितली पाहिजे, कारण निसर्गाशी पूर्णपणे एकरूप झालेली रीतसुद्धा निसर्ग बिघडल्यावर कशी कोलमडते याचे तिच्याइतके करुण उदाहरण दुसरे नाही. अग्नी, भूमी आणि जल ही तिन्ही पवित्र, म्हणून त्यांपैकी एकालाही प्रेताने दूषित करू नये, या तत्त्वावर दखम्याची रचना झाली. उंच गोल भिंतीच्या आत, माथ्यावर उघड्या अशा जागी देह ठेवावा आणि गिधाडांनी तो काही तासांत संपवावा. मलबार टेकडीवरील डोंगरवाडीत सतराव्या शतकापासून हे अखंड चालले होते. लाकूड नाही, धूर नाही, जमिनीचा तुकडा अडकत नाही, राजा आणि रंक यांची जागा एकाच पंगतीत. १९९० नंतर भारतातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी होऊ लागली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर सरकारने बंदी घातली. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांत एखादेच उरले होते. डोंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवून पाहिले, पण पावसाळ्यात त्यांचा उपयोग नाही. अखेर समाजात दोन पक्ष पडले. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत, दहन पत्करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह झाले; आणि दुसरीकडे, करोनाच्या काळात सरकारी नियमाने करोनाने दगावलेल्यांसाठी दखमा बंद झाला तेव्हा सुरतेच्या पारशी पंचायतीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, वर जाळी घालण्यासारख्या अटी मान्य करून, २०२२ मध्ये आपल्या रीतीची मुभा मिळवली. दोन्ही पक्षांविषयी मला सारखीच सहानुभूती वाटते. गोठ्यातल्या गाईला टोचलेल्या एका औषधाने शेकडो वर्षांची अंत्यरीत संकटात यावी, यावरून मृताची व्यवस्था ही जिवंतांच्या सगळ्या व्यवहाराशी किती गुंतलेली आहे हे कळते.

आता पाश्चात्त्य देशांतील नव्या युक्त्या. त्यांत सर्वांत परिपक्व म्हणावी अशी क्षारजलीय विघटनाची. पोलादी पात्रात देह ठेवून त्यात पाणी आणि थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात व ते तापवतात. दीडशे अंश सेल्सिअस आणि दाब असेल तर चार-सहा तासांत, त्याहून कमी उष्णतेवर अधिक वेळात, सर्व मांसल भाग द्रवात विरघळतो आणि शुभ्र ठिसूळ अस्थी उरतात. त्यांचे चूर्ण नातलगांना मिळते. मूळ युक्ती १८८८ सालची, मेलेल्या जनावरांपासून खत करण्यासाठी अमेरिकेत पेटंट घेतलेली. माणसांसाठी तिला मान्यता मिळाली ती या शतकात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २६ डिसेंबर २०२१ रोजी वारले तेव्हा त्यांच्या इच्छेने त्यांचा देह याच रीतीने विसर्जित होऊन अवशेष केपटाउनच्या कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आले, आणि त्या दिवसापासून या पद्धतीला एक नैतिक प्रतिष्ठा आली. नेदरलंड्समधील टीएनओ या संशोधनसंस्थेने केलेल्या तुलनेत दफन व दहन या दोहोंपेक्षा तिचा पर्यावरणावरील भार पुष्कळच कमी ठरला. परंतु प्रत्येक देहामागे शेकडो लिटर पाणी आणि उरलेला क्षारयुक्त द्रव सामावून घेईल अशी सांडपाण्याची उत्तम व्यवस्था तिला लागते. २०१६ साली ज्या लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या लातूरसाठी ही शिफारस कोण करील? मुंबई-पुण्यासारख्या शहरांत प्रयोग म्हणून तिचा विचार व्हावा, याहून अधिक मला म्हणवत नाही.

दुसरी युक्ती देहाचे खत करण्याची. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली कायदा करून तिला परवानगी दिली. सिअ‍ॅटलमधील ‘रीकंपोज’ या संस्थेने २०२० च्या अखेरीस काम सुरू केले, आणि न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या शेवटच्या दिवशी तिला मान्यता दिली. लाकडाचा भुसा, पेंढा व लसूणघास यांच्या थरांत देह ठेवून हवा खेळती राखली म्हणजे सूक्ष्म जीवाणूंच्या कार्याने आतील उष्णता पंचावन्न अंशांच्या वर चढते, रोगजंतू मरतात, आणि काही आठवड्यांत जवळजवळ पाऊण घनमीटर सुपीक माती हाती येते. उकिरड्याचे शेतकऱ्याला ठाऊक असलेले शास्त्र ते हेच, केवळ काटेकोरपणे राबवलेले. कॅथॉलिक धर्मगुरूंनी मानवी देहाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा काढून तिला विरोध केला आहे, आणि तो मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मात्र मातीला आई मानणाऱ्या समाजाला त्यात अप्रतिष्ठा वाटण्याचे कारण मला दिसत नाही. अडचण खर्चाची आहे. सात हजार डॉलर घेऊन जे काम यंत्रगृहात होते ते शेताच्या बांधावर तीन-चार फूट खोल खड्ड्यात फुकट होते, फक्त वेळ थोडा अधिक लागतो.

बाकीच्या युक्त्या लवकर सांगून टाकण्यासारख्या आहेत. स्वीडनच्या जीवशास्त्रज्ञ सुसान व्हीग-मेसाक यांनी द्रवरूप नायट्रोजनमध्ये देह गोठवून कंपनाने त्याचे चूर्ण करण्याची कल्पना मांडली आणि तिची कीर्ती जगभर झाली. पण एकाही मानवी देहावर ती प्रत्यक्षात आली नाही, २०१५ साली त्यांची कंपनी बुडाली, आणि २०२० मध्ये त्या स्वतः निवर्तल्या. वृत्तपत्रांतून वाचलेल्या प्रत्येक नवलावर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. अळंबीच्या तंतूंपासून केलेल्या पेट्या नेदरलंड्समध्ये विकल्या जातात. पण पेटीच नको म्हणणाऱ्याला त्यांचा उपयोग काय? राखेचा चिमूटभर अंश अवकाशात पाठवणे, राखेचा हिरा करणे, किंवा भावी विज्ञान जिवंत करील या आशेने देह शीतकोठीत ठेवणे, हे धनिकांचे छंद असून मृत देहाच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

या सर्वांहून निराळा, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत श्रेष्ठ, मार्ग देहदानाचा. इतर सर्व रीतींत प्रश्न असतो तो देहाने जगाचे कमीत कमी नुकसान कसे करावे हा. एकट्या देहदानात देह काही देऊन जातो. हा विचार बाहेरून आलेला नाही. सुश्रुताने शारीरस्थानात सांगितले आहे की, ज्याला शस्त्रकर्म शिकायचे त्याने निर्दोष देह निवडून, तो गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री मुरवावा आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर घासून आतील रचना डोळ्यांनी पाहावी. पुढे शिवाशिवीच्या कल्पनांनी ही परंपरा लोपली. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर शस्त्र चालवले तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. इंग्लंडात जेरेमी बेंथॅम या तत्त्वज्ञाने आपला देह विच्छेदनासाठी लिहून दिला आणि १८३२ च्या जूनमध्ये त्याच्या मित्राने विद्यार्थ्यांसमोर त्या देहावर व्याख्यान दिले. भारताचे नागरिकत्व पत्करलेले थोर जीवशास्त्रज्ञ हाल्डेन १९६४ साली भुवनेश्वरला वारले आणि त्यांचा देह त्यांच्या इच्छापत्राप्रमाणे काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला. २०१० च्या आरंभी ज्योती बसू आणि नानाजी देशमुख हे राजकारणाच्या दोन टोकांचे पुढारी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेले. एकाचा देह कलकत्त्याच्या रुग्णालयाला आणि हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या दुसऱ्याचा दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेला मिळाला. आयुष्यभर ज्यांचे एका प्रश्नावर एकमत झाले नसते त्यांचे या प्रश्नावर झाले.

महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमान्वये बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद झाली, आणि पुष्कळ काळ आपल्या डॉक्टरांचे शिक्षण या बेवारसांच्या देहांवरच झाले. रस्त्याच्या कडेला मेलेल्या दरिद्री माणसाने संमती न देता समाजाचे देणे फेडावे आणि सधन सुशिक्षिताने मात्र आपला देह राखून ठेवावा, यात मला मोठा अन्याय दिसतो. स्वेच्छेने देह देणाऱ्याने हा अन्याय थोडा कमी होतो.

देहदानाच्या व्यवहारातील अडचणी आधी ठाऊक असाव्यात, नाहीतर ऐनवेळी मनस्ताप होतो. अपघाताने किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू येऊन शवविच्छेदन झाले असेल, एड्स वा काविळीसारखा संसर्ग असेल, देहाला मोठ्या जखमा असतील, तर महाविद्यालय देह नाकारते आणि तसा त्याला अधिकार आहे. मृत्यूनंतर काही तासांतच देह पोहोचला पाहिजे. नेत्रदान त्यापूर्वी सहा तासांच्या आत करता येते आणि त्याने देहदानाला बाध येत नाही. देहदानाचा संकल्प करणाऱ्याने देह नाकारला गेल्यास काय करावे हेही लिहून ठेवावे. अस्थी मिळणार नाहीत मग दहावा कसा करावा, ही शंका पुष्कळ घरांतील वृद्ध माणसे कळवळून विचारतात. त्यांना सांगावे की, प्रवासात किंवा पाण्यात नाहीशा झालेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात पूर्वीपासून आहे. देह हाती नसला तरी कृतज्ञता अडू नये, ही सोय शास्त्रकारांनी आपल्यापेक्षा अधिक उदारपणे करून ठेवली आहे.

राहता राहिला कायद्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. १८८२ साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे एक विलक्षण फिर्याद आली. एका गृहस्थाने आपले दहन करावे असे लिहून ते काम एका स्नेही स्त्रीवर सोपवले होते. कुटुंबाने त्याला पुरले. तिने पुनर्दफनाच्या मिषाने देह उकरण्याचा परवाना मिळवला, तो इटलीत मिलान येथे नेऊन दहन करविले आणि खर्च मागितला. न्यायालयाने तो नाकारला: प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे, म्हणून त्याच्या विनियोगाविषयी मृत्युपत्रातील आज्ञा बंधनकारक नाही. आपल्याकडेही व्यवहारात हीच स्थिती आहे. मृताने काहीही लिहिले असले तरी एखादा पुतण्या हट्टाला पेटला की सर्व बेत रद्द होतो. मृत देहालाही प्रतिष्ठेचा हक्क आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. त्या प्रतिष्ठेत मृताच्या लेखी इच्छेचा समावेश स्पष्ट शब्दांत व्हावा. आणि प्रतिष्ठेची गोष्ट निघाली म्हणून लिहितो: महाराष्ट्रातील कित्येक गावांत आजही जातवार स्मशाने आहेत, आणि दलितांच्या प्रेताला जागा नाकारल्यावरून तंटे होतात. ज्या गावात मेलेल्यांनाही एकत्र जळू दिले जात नाही तेथे दाहिनी कोणत्या इंधनावर चालावी याची चर्चा दुय्यम आहे. गावाला एकच स्मशान, त्याला छप्पर, पाणी, सुधारित चौकट आणि शेजारी इच्छुकांसाठी नैसर्गिक दफनाची राखीव जमीन, इतके ठराव ग्रामसभांनी करावेत आणि सरकारने त्यासाठी निधी द्यावा; क्षारजलीय विघटनासारख्या गोष्टी मोठ्या महानगरपालिकांनी पुढे तपासाव्यात.

वाचकांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. आपली इच्छा एका कागदावर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावी, पहिला मार्ग अडला तर दुसरा कोणता तेही लिहावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो कागद मृत्युपत्राबरोबर कुलपात न ठेवता घरातील सर्वांना एकत्र बसवून वाचून दाखवावा, कारण मृत्युपत्रे बहुधा तेराव्यानंतर उघडली जातात. देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. त्यावर जवळच्या नातलगाची सही लागते, म्हणून तो आणायला जाताना त्यालाच बरोबर न्यावे.